लाइकसाठी बदललेली साडी

"आंटी, इससे पुरानी साडी नहीं है क्या?"

माझ्या वर्गातली मुलगी माझ्या आईला विचारत होती. आमच्या घरात उभं राहून. पायात बूट तसेच.

आईने हिरवी नारायणपेठ नेसली होती. मामाच्या लग्नातली. लेकीच्या वर्गातल्या मुली पहिल्यांदा घरी येणार म्हणून सकाळी उठून तिने रव्याचे लाडू वळले होते, केसात गजरा माळला होता. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे बाई नेटकं नेसून बसते. पण त्या पाहुण्या नव्हत्याच. त्या गरिबी शोधायला आल्या होत्या, आणि आईने नेमकी तीच झाकून ठेवली होती.

बाबा केंद्र सरकारच्या एका ऑफिसात शिपाई. क्वार्टरचा नंबर लागत नव्हता, म्हणून आम्ही गुडगावच्या काचेच्या टॉवरांमागे उरलेल्या जुन्या गावात एका खोलीत राहायचो. टॉवरवाल्यांच्या शाळेत मी गरिबांसाठी राखलेल्या जागेवर शिरले होते. नववीत शाळेने नवा विषय आणला. सोशल मीडिया. उद्याच्या नोकऱ्या यातच आहेत, असं प्रिन्सिपल मॅडम हातातला फोन नाचवत म्हणाल्या. प्रत्येक गटाने एक पेज चालवायचं. पहिल्या येणाऱ्या गटाला एका पालकाच्या कंपनीत सुट्टीत काम शिकायला मिळणार. मला ते हवं होतं. फार हवं होतं. फोटोखाली चार ओळी मला बऱ्या लिहिता यायच्या.

गटात कामं वाटली. एक मॅनेजर झाली, एकीने कॅमेरा घेतला, एकीने एडिटिंग. मी विचारलं, मी काय करू? मॅनेजर गोड हसली.

"यार, तू तो हमारी स्टोरी है."

म्हणजे त्या काम शिकणार आणि मी माल. याला म्हणे आधुनिक काम. आमच्या घरातल्या बायका आजीपासून अशाच दुसऱ्यांच्या कामी येत आल्यात, फक्त तेव्हा त्याला इंग्रजी नाव नव्हतं.

तर जुनी साडी. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "अगं, शाळेचं काही असेल. चलो, बदलते मी." कपाटाआड जाऊन ती फरशी पुसतानाची साडी नेसून आली. मॅनेजरने स्वतःच्या हाताने तिचा गजरा काढला, केसांच्या दोन बटा कपाळावर ओढल्या. टीव्हीवर चादर टाकली. फ्रीज फोटोत येत होता, म्हणून आईला मोरीपाशी बसवलं.

"परफेक्ट. आंटी, स्माइल मत करना."

लाडवांना कुणी हात लावला नाही. डाएट म्हणे. शिळी भाकरी असती तर तिचा फोटो तरी काढला असता.

दुसऱ्या दिवशी आई पेजवर. खाली इंग्रजीत लिहिलेलं, हिच्याकडे काहीच नाही, आमची शाळा हिच्या लेकीला पंख देतेय. त्याखाली लाल बदामांचा ढीग. टॉवरमधल्या बायका घरबसल्या रडत होत्या, फुकटात पुण्य पदरात पाडून घेत होत्या. प्रिन्सिपल मॅडम स्वतः वर्गात आल्या आणि फोटो पडद्यावर लावला. "देखो बच्चों, इसे कहते हैं इम्पॅक्ट." टाळ्या पडल्या.

मी आईच्या कपाळावरच्या त्या बटा पाहत होते. किळस आली. आईची नाही, टाळ्यांची.

मी उभी राहिले. "हटाइए इसे."

मॅडम मला केबिनमध्ये घेऊन गेल्या, खुर्चीत बसवलं. "बेटा, थोडी ग्रॅटिट्यूड रखो. ऐसी सीट सबको नहीं मिलती." धमकीसुद्धा किती मऊ. मग त्यांनी आईला फोन लावला, मला ऐकू येईल असा.

"नमस्ते जी. फोटो से आपको बुरा तो नहीं लगा?"

"नहीं नहीं, मॅडमजी. बिल्कुल नहीं."

फोन ठेवून मॅडम हसल्या. "देखा? मम्मी को कोई प्रॉब्लम नहीं है."

आईचं ते 'नहीं' मला ठाऊक होतं. घरमालकाला ती तेच देते, बाबांच्या साहेबांच्या बायकोलाही तेच. लेकीची जागा जाऊ नये म्हणून दिलेलं 'नहीं'. मॅडमनाही ते ठाऊक होतं, म्हणून तर फोन लावला. एवढी शिकलेली बाई आणि माझ्या आईच्या भीतीमागे लपली होती.

"मुझे है," मी म्हणाले.

सीट काढून घ्यायची तर घ्या, म्हणाले. फोटो पेजवरून हटेपर्यंत खुर्चीतून उठले नाही. शाळा सुटली, बसगाड्या निघून गेल्या. शेवटी मॅडमनी मॅनेजरला फोन करून फोटो हटवायला लावला. चेहरा असा, जणू मीच त्यांचं काही चोरलं होतं. सीट नाही घेतली, मला गटातून काढलं. त्या गटाचाच पहिला नंबर आला. या वेळी मोरीपाशी दुसऱ्या कुणाची तरी आई बसली होती.

आई अजून म्हणते, "जाऊ दे गं, एका फोटोने काय होतं?"

आई, तू म्हण. मी म्हणणार नाही. तू काय नेसायचं, कुठे बसायचं, हसायचं की नाही, हे यापुढे कुणी ठरवायला आलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.