माइक बंद होता, असं मी सांगितलं

ही गोष्ट मी सात-आठ वर्षं टाळली. बायको होती तोवर तिलाही सांगितली नाही. लिहायला बसलो की उठतो, गॅलरीत जातो, राजारामपुरीतल्या रिक्षा बघतो, परत येतो. आज सकाळपासून तीनदा उठलो. आता सरळच लिहितो.

माझं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. लग्नं, सभा, गणपती. पासष्टी उलटल्यावर एका वाहिनीच्या लोकांनी मला बोलावलं. गगनबावड्याच्या वाटेवर एका बंगल्यात त्यांचा रिअॅलिटी शो चालू होता. शहरातली सहा मुलं आणि खेड्यातल्या सहा मुली. दीड महिना तिथंच राहायचं, म्हशी धुवायच्या, चूल पेटवायची, आणि लोकांनी मतं द्यायची. मुलींच्या घरच्यांची एक अट होती. पोरींच्या पदराला माइक लावायला तरुण माणूस नको. म्हणून मी. माझे पांढरे केस बघून मला घेतलं होतं.

माइक बोटाच्या पेराएवढा. त्याची तार पाठीमागून कमरेच्या डबीला जायची, आणि पोरगी जे बोलेल ते माझ्या हेडफोनमध्ये यायचं. जेवणाच्या सुट्टीत एकेकीची डबी बंद करायची, हेही माझंच काम.

त्या सहाजणींत एक वरच्या वाडीतली होती. घरी बारा म्हशी, बोलायला फटकळ. कार्यक्रमात तिची जोडी पुण्याच्या एका मुलाशी लावली होती. त्यांनी काय बोलायचं ते लेखक लिहून द्यायचे. पण तिच्या डोळ्यांतलं प्रेम खरं दिसायचं, आणि लोक त्यावरच मतं द्यायचे. त्याचं कारण फक्त मला कळलं होतं. तिची नजर पुण्याच्या मुलाच्या कानाजवळून मागं जायची. मागं दुसऱ्या कॅमेऱ्यावर सांगलीकडचा कॅमेरामन उभा असायचा.

एका दुपारी मी तिची डबी बंद करायला विसरलो. हेडफोन कानालाच होता.

"आज तीनदा हसलीस. माझ्याकडं बघून किती?" कॅमेरामनचा आवाज.

"दोनदा. तिसऱ्यांदा त्या पुण्यावाल्याला म्हशीनं शेपूट हाणलं म्हणून."

मी एकटाच हसलो. त्या दिवशी मी विसरलो, ती चूक. पुढचे चार दिवस मात्र विसरलो नव्हतो. ती रोज विचारायची, "काका, बंद केलासा न्हवं?" मी म्हणायचो, "व्हय, केलाय की." आणि कोपऱ्यात जाऊन ऐकत बसायचो. मला ते ऐकायला आवडत होतं. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पाचव्या दिवशी त्यांचं ठरलं. कार्यक्रम संपला की मिरजेला त्याच्या आत्याकडं जायचं आणि नोंदणी करून लग्न करायचं. घरी नंतर कळवायचं.

रविवारी तिचे वडील खरवस घेऊन आले. दर रविवारी यायचे. माझ्या शेजारी बसून म्हणाले, "पावणं, तुमी हाईसा म्हणून पोरगी सोडलीया हितं. टीव्हीवाल्यांवर माझा इस्वास न्हाय. बरी हाय न्हवं ती?"

मी बरी आहे म्हणून गप्प बसू शकलो असतो. पण त्या माणसाचा विश्वास, आणि आपल्यालाच सगळं ठाऊक असल्याचा माझा तोरा. आत्या, मिरज, नोंदणी, सगळं सांगितलं. वर म्हणालो, "माझं नाव तेवढं काढू नका."

त्यांनी माझं नाव काढलं नाही. तासाभरात पोरीची पेटी बाहेर आली. प्रेक्षकांना सांगितलं, तिला बरं वाटत नाही. कॅमेरामन फाटकापर्यंत आला, तर ती त्याच्या अंगावर ओरडली, "मिरजेचं तुला आणि मलाच ठावं हुतं! कुणापुढं मिरवलास?" त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं.

पदराचा माइक काढायला मला पुढं व्हावं लागलं. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, खरं सांगा. तुमी तर काय ऐकलं न्हाईसा?"

"माइक बंद हुता, पोरी."

तिनं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला आणि त्याच्यावरचा सोडला. दोन-तीन महिन्यांत तिचं लग्न झालं, असं ऐकलं. कॅमेरामन कुठं गेला, मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

गेल्या वर्षी इथंच राजारामपुरीत कानाच्या डॉक्टरांकडं बसलो होतो. सासूला घेऊन आलेली एक बाई समोर येऊन उभी राहिली.

"काका, वळखलासा का? आता तुमच्याच कानात माइक बसवाय लागला व्हय?"

तीच. अंगानं भरलेली, हसणं तसंच. सासू जरा लांब बसली होती. इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, "माणूस वाईट न्हवता ओ तो कॅमेरावाला. पण त्याच्या पोटात काय ऱ्हायचं न्हाय. बरं झालं, आधीच कळलं."

मी म्हणालो, "पोरी, त्या दिवशी..."

"जोरात बोला की, काका!" ती हसत म्हणाली. सगळी खोली आमच्याकडं बघायला लागली. तेवढ्यात नर्सनं माझा नंबर पुकारला, आणि मी सुटल्यासारखा आत गेलो. बाहेर आलो तेव्हा दोघी निघून गेल्या होत्या. दारापर्यंत गेलो. रस्त्यावर दिसल्या नाहीत.

जे बोलायचं होतं ते एवढंच होतं: पोरी, त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, मी सांगितलं. माइक चालू होता. मला माफ कर.