येळवशीला घरात

येळवशीला आमच्या लातुरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, दुकानांना कुलपं, सगळं शहर शेतात. ज्याला शेत नाही त्याला ओळखीतलं कुणीतरी ओढून नेतं. ज्याची ओळखच नाही त्याला रस्त्यावरून हाक मारून कडबा उभा करून केलेल्या कोपीपाशी बसवतात, शेंगा-भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे वाढतात, वर आंबील पाजतात. त्या दिवशी कुणी परकं नसतं, असा आमच्याकडचा रिवाज आहे.

आणि यंदा मी आणि आई, दोघी घरात.

कारण काय, तर आईचे गुडघे. "यंदा माझ्यानं होत न्हाई गं माय. मुरुडपस्तोर जायचं, बांधानं चालायचं. धाकट्याला बी जमत न्हाई म्हणला. ऱ्हाऊ दे." धाकटा म्हणजे माझा भाऊ, नांदेडला असतो. मुरुडजवळचं आमचं शेत बाबा गेल्यापासून बटईनं दिलंय, पण येळवस आम्ही कधी चुकवली नव्हती. जीव हळहळला. पण म्हातारीला टाकून मी एकटी कुठं जाऊ? केली भज्जी गॅसवर. गॅसवरची भज्जी म्हणजे नुसतं पातळ कालवण, पण सणाला नाट नको.

सकाळी गॅलरीत ऊन आलं तसं आईला तिथं बसवलं आणि तिळाचं तेल कोमट करून तिच्या गुडघ्यांना चोळत बसले. थंडी बोचत होती. खाली एक रिक्षा नाही, कुणाचा हॉर्न नाही. खरं सांगते, मला लई बरं वाटत होतं. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हापासून ह्या बाईच्या जिवावर मी मान वर करून जगले. भावकी नाही नाही ते बोलली, तर "माझी पोर हाय, माझ्या घरी ऱ्हाईल, तुमच्या का पोटात दुखतंय?" असं तोंडावर सुनावणारी एकटी आईच. तिचे पाय चोळायला माझं काय जातंय?

ती अंघोळीला गेली आणि तिचा फोन वाजला. भावाचा होता. मी उचलला, तर मला हॅलोसुद्धा म्हणू न देता तो सुरू झाला.

"आई, झालं बघ मनासारखं! पोरगी पसंत पडली त्यांना. मे महिन्यात लग्न उरकू म्हणतेत. अक्का निघाली न्हाई ना इकडं? तेवढं सांभाळ बाई."

त्याच्या मागं गलका चालला होता, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" पिकात आंबील शिंपडत फिरताना म्हणतात ते. म्हणजे हा आमच्याच शेतात होता! भाचीला बघायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन.

"अक्का घरीच आहे," एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

आई केस पुसत बाहेर आली. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती आधी, "काय गं?" म्हणाली. मग माझ्या हातातला तिचा फोन बघितला आणि खुर्चीवर बसली.

"लोक लई जुन्या वळणाचे हायेत. आत्या माहेरीच का असती, म्हणून इचारलं असतं. पोरीचं जमता जमता फिसकटलं असतं."

"मग मला सांगायचं ना, आई! मी आपणहून गेले नसते."

"कोणत्या तोंडानं सांगू?"

"आणि गुडघे?"

"दुखतेत की. खोटं न्हाई ते." मग हळूच म्हणाली, "पर जायला आलं असतं."

माझं डोकंच फिरलं. अगं, वाटेनं जाणाऱ्याला बोलावून जेवू घालतात त्या दिवशी, आणि पोटची पोर नको? भावाचं मला नवल नाही, तो पहिल्यापासून बायकोच्या ओंजळीनं पाणी पितो. पण ही? सकाळपासून मी समजत होते, आई माझ्या सोबतीला आहे. सोबत कसली, राखण करत बसली होती माझी. आणि मी खुळी तिलाच तेल चोळत होते. एवढं बोलले, ओरडूनच बोलले.

पण तिला गोळ्या घ्यायच्या होत्या, उपाशी ठेवून चालणार नव्हतं. ताटं केली. मला घास उतरेना. तिनं उंडा कुसकरला, भज्जीत कालवला आणि माझी समजूत घालायला म्हणाली, "पुढच्या येळवशीला आपण दोघी जाऊ. तवर लग्न उरकलेलं असंल. मग कोण काय इचारतंय?"

मी म्हणाले, "आणि लग्नाला? लग्नाला तरी येऊ का मी?"

आईनं वर बघितलं नाही. बोटानं ताटातली भज्जी एका कडेला सारत राहिली.

"तवा तुझी शाळा असंल की," ती म्हणाली.

मी मास्तरीण झाल्यापासून दर मे महिन्यात दिवसभर हिच्याजवळ घरातच असते.