जाळीवर रंगाचे दोन हात

सायली, निखिल — हे मी तुमच्या बाबाला सांगितलेलं नाही. माझ्या बहिणीला नाही, देवापुढे बसूनही नाही. आबा गेले तेव्हा कितीजणी भेटायला आल्या, माझा हात हातात घेऊन बसल्या. त्यांतल्या एकीलाही नाही. निखिलला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा सायली, तू त्याला वाचून दाखव. इंग्रजीत लिहिता आलं असतं. तीस वर्षं शाळेत तेच शिकवलं. पण इंग्रजीत मी कायम दुसऱ्यांच्या चुका तपासत आले. ही माझी आहे.

जालन्याच्या घरातली मागची खोली आठवते का तुम्हाला? तुम्ही लहान असताना आलात तेव्हा दोघंही भिंतीला कान लावत फिरत होतात — आवाज येतो कुठून म्हणून. दिसायचं काहीच नाही. पुढे पडदा, मागे दोन खुर्च्या, आणि बदामी रंगाच्या कोऱ्या भिंती. ती खोली तुमच्या बाबानं आबांसाठी करून घेतली होती. होम थिएटर. आमच्या गल्लीत तो शब्दसुद्धा नवा होता. शेजारच्या काकू बरेच दिवस ‘तुमचं टॉकीज’ म्हणायच्या.

स्पीकर भिंतीत लपवायचे, ही अट माझी. खोलीभर काळे खोके नकोत, पायात वायरी नकोत, त्यांच्यावरची धूळ मी पुसणार नाही — असं मी तुमच्या बाबाला, विनयला, फोनवर बजावलं होतं. ते काम केलं रफिकभाईंनी. त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि हैदराबादला भाच्याकडे राहून ते हे नवं काम शिकून आले होते. विटांच्या भिंतीपुढे वीतभर अंतर सोडून त्यांनी प्लायवूडची दुसरी भिंत उभी केली. तिच्यात पाच स्पीकर बसवले. प्रत्येकावर पत्र्याची जाळी, सुईच्या टोकाएवढ्या भोकांची, भिंतीशी अगदी सपाट. जाळ्या खाली काढून त्यांना फवाऱ्यानं रंग दिला, इतका पातळ की एक भोक बुजलं नाही.

जाताना मला मुद्दाम बोलावून म्हणाले, “म्याडम, एक ध्यानात ठेवा. पुढं कधी रंग काढला तर ह्या जाळ्यांना ब्रश न्हाई, रोलर बिलकुल न्हाई. मला निरोप द्या, मी येतो. भोकं बुजली की मंग आवाज आतल्या आत राह्यला.”

मी ‘हो’ म्हटलं. म्हणजे — मला माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवते.

आबा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. वकिली चालू होती. आठवड्यातून दोनदा एसटीनं अंबडच्या कोर्टात जायचे, आणि संध्याकाळी परत आले की चहा घेऊन थेट मागच्या खोलीत. दार लावून. जुनी नाट्यगीतं, ठुमऱ्या, सारंगी. सारंगीचा गज उलट फिरतो ना, त्या क्षणी एक बारीक श्वास घेतल्यासारखा आवाज होतो. तो ऐकायला मिळावा म्हणून ते तेच ते पुन्हा लावायचे. एकदा मला बोलावून म्हणाले होते, “मास्तरीणबाई, बसा, हे ऐका.” मी बसले. पाच मिनिटांत कुकर लावायचं निमित्त काढून उठले. पुन्हा त्यांनी बोलावलं नाही.

मी निवृत्त झाले होते. विनय अमेरिकेत, शाळा सुटलेली, आणि संध्याकाळी सात ते साडेनऊ घरातला एकुलता एक माणूस दाराआड. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाटाणे सोलायचे, नाहीतर लावून झालेली कपाटं पुन्हा लावायचे. त्या खोलीवर मी जळत होते का? तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी हसले असते.

मग दोन हजार चारची दिवाळी आली. घराला रंग काढला होता. सण चार दिवसांवर, आणि रंगारी मागच्या खोलीपर्यंत येऊन थांबला.

“बाई, ह्या जाळ्यांचं काय करायचं?”

मी रफिकभाईंच्या दुकानी निरोप धाडला. ते मुलीकडे हैदराबादला गेलेले, यायला आठवडा होता. तेवढ्या जाळ्या सोडून बाकी भिंत रंगवता आली असती. नव्या रंगात पाच जुने चौकोन दिसले असते, एवढंच. पण मला — तुम्ही ओळखता मला — मला ते पाच चौकोन सहन होण्यासारखे नव्हते.

“मारून टाका वरूनच,” मी म्हटलं.

“बराबर बसंल ना बाई? आतमंदी मशीन हाये म्हणत्यात.”

“काही होत नाही. दोन हात द्या.”

त्यानं रोलरनं दोन हात दिले. भिंत इतकी सुरेख झाली! शोधूनही जाळी दिसेना. मी दारात उभी राहून बघत राहिले.

पाडव्याच्या दिवशी सकाळी, ओवाळून झाल्यावर, आबा आत गेले. थोड्या वेळानं दार उघडून बाहेर आले. चेहऱ्यावर गोंधळ.

“अगं, आवाज दबलाय. तबल्याचा नुसता धप धप येतोय. बाई गोधडीत तोंड घालून गातेय जशी. तू ऐक बरं.”

मी आत गेले. ऐकलं. अगदी तसंच होतं, गोधडीतल्यासारखं. सारंगी तर जवळजवळ नव्हतीच.

आता इथे मी काय म्हणायला हवं होतं? ‘अहो, जाळ्यांवर रंग मारला मी.’ पाच शब्द. ते चिडले असते का? नसते हो. ‘मास्तरीणबाईंचा एक मार्क कापा’ म्हणून वर्षभर चिडवलं असतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं असतं. बस. एवढंच तर होतं. पण ते एवढंसुद्धा मला नको होतं.

मी म्हटलं, “मला तर नीट ऐकू येतंय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा आत जाऊन बसले. आवाज वाढवला, तर धप धप वाढली.

मला वाटलं होतं, रफिकभाई आले की गुपचूप त्यांच्याकडून जाळ्या साफ करून घेईन. हे खरं आहे. पण ते परत आले तोवर आबांनी दोनदा म्हटलं होतं, “रफिकला बोलवू या,” आणि दोन्ही वेळा मी म्हटलं होतं, “त्यांच्या चांगल्या कामाला कशाला नावं ठेवता? आवाज आहे तसाच आहे. वय झालं की होतं असं.” एकदा हे तोंडातून गेल्यावर जाळ्या साफ कशा करायच्या? आवाज सुधारला की मी खोटी पडणार. म्हणून मी त्यांना बोलावलंच नाही.

पुढच्या खोलीतला टीव्ही त्यांना स्वच्छ ऐकू यायचा. वकीलच ते, त्यांनी मुद्दा काढला. मी म्हटलं, “तो कर्कश आहे म्हणून.” मागच्या खोलीत आवाज मोठा केला की मी दारातून म्हणायचे, “अहो, शेजारी काय म्हणतील! एवढा मोठा लावता.” त्यांनी कान तपासून घ्यायचं मनावर घेतलं. औरंगाबादला कानाचा डॉक्टर आहे म्हणाले. मी घाबरले. तपासलं तर कान चांगले निघणार, मग? मी म्हटलं, “आणि काय, कानात मशीन घालून कोर्टात उभे राहणार? समोरचा वकील फायदा घेईल.” हे मी विचार करून बोलले होते. कुठे बोललं म्हणजे लागेल ते मला माहीत होतं. ते गेले नाहीत.

हळूहळू मागची खोली बंद झाली. आबा संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन बसू लागले, माझ्यासमोर, टेबलाशी. मला हवं होतं तेच ना? पण तो माणूस बोलायचा थांबला होता. आपण काही चुकीचं ऐकू आणि भलतंच उत्तर देऊ, ही भीती. मी काही विचारलं की आधी माझ्या ओठांकडे बघायचे. मग मान हलवायचे. वाटाणे सोलू लागायचे. दोन माणसं आणि वाटाण्यांचा आवाज.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा ज्युनिअर फाईल न्यायला घरी आला. आबा आत आंघोळीला होते. तो दबक्या आवाजात म्हणाला, “काकू, सरांना ऐकू येतंय हो, मी बघतो ना. पण जज्जसाहेबांनी तारीख दिली की सर मला विचारून राह्यले, बरोबर ऐकलं ना मी? परवा भर कोर्टात विचारलं. समोरचे हसले.”

“हो का,” मी म्हटलं. त्याला चहा दिला.

दिवाळीच्या आत त्यांनी वकिली सोडली. सगळ्या फाईली त्या ज्युनिअरला दिल्या. अंबडची बस बंद झाली. कोर्टातल्या मंडळींनी निरोप समारंभ ठेवला होता, त्यालाही गेले नाहीत. म्हणाले, “भाषणं ऐकू येणार नाहीत. उगाच माना डोलवत कोण बसेल?”

आणि तुमचा फोन. दर रविवारी सकाळी यायचा. मी विनयला सांगून ठेवलं होतं, आबांना कमी ऐकू येतं, जरा मोठ्यानं बोला. का सांगितलं? घरातलं खोटं बाहेरही सांगितलं की ते पक्कं होतं, म्हणून. मग तुम्ही दोघं ओरडायचात, “आबाऽऽ, कसे आहाऽऽत?” आबा रिसीव्हर कानापासून लांब धरायचे, दुखतं म्हणून. मी समोर बसून बघायचे. ज्याला ऐकू येत नाही तो रिसीव्हर लांब धरेल का? मला दिसत होतं. त्यांना का उमगलं नाही? ‘बरा आहे, अभ्यास करा’ म्हणून ते रिसीव्हर माझ्या हातात द्यायचे. ओरडून किती बोलणार? सायली, तू त्यांना तुझ्या व्हायोलिनच्या शिकवणीबद्दल सांगायला लागली होतीस एकदा. तिसऱ्या वाक्याला ओरडून ओरडून दमलीस आणि म्हणालीस, “जाऊ दे आबा, आजीला दे.” पुढे पुढे तुम्ही फोनवर त्यांना मागितलंच नाही. ते जवळच्या खुर्चीत असायचे. मी तुमच्याशी तासभर बोलायचे.

तीन वर्षं हे चाललं. मग ते गेले. हृदय, दुपारी, झोपेत.

तेराव्यानंतर रफिकभाई भेटायला आले. पुढच्या खोलीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

“साहेब मला बसस्टँडवर भेटल्ते, म्याडम. चार महिने झाले असतील. म्हणले, रफिक, तुझं काम बिलकुल बराबर आहे, माझेच कान गेले. मी म्हणलो, साहेब, एवढ्या गलक्यात माझं सगळं ऐकून राह्यले तुम्ही, कान कुठं गेले? तर हसले. म्हणले, आमच्या मास्तरीणबाईंनी सांगितलं. त्या खोटं बोलत न्हाईत.”

मी चहा ठेवायचं निमित्त काढून उठले. त्यांना ते दुःख वाटलं असावं. मी परत आले तेव्हा म्हणाले, “एकदा खोली बघू?” मी नाही कसं म्हणणार? ते मागे गेले, मी त्यांच्यामागे. भिंतीवरून त्यांनी हात फिरवला. बरोबर जाळी होती तिथे थांबला हात. नखानं खरवडलं. रंगाची पापडी निघाली, ती बोटांवर धरून ते बराच वेळ बघत राहिले.

“हा रंग कधी मारला, म्याडम?”

“आता,” मी म्हटलं. “हे गेल्यावर.”

त्या रंगावर तीन वर्षांची धूळ होती. पडद्याच्या कडेला भिंत पिवळी पडली होती. त्यांना ते दिसत होतं, आणि दिसतंय हे मलाही कळत होतं. चहा ठेवला होता. तो न घेता ते निघाले. दारात “येतो” म्हणाले, माझ्याकडे न बघता. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत.

तर तुमच्या आबांना शेवटच्या दिवसापर्यंत चांगलं ऐकू येत होतं. तुम्ही साध्या आवाजात बोलला असतात तरी त्यांना कळलं असतं. ते बहिरे नाहीत हे घरात फक्त मला माहीत होतं, आणि तीन वर्षं, रोज, मी त्यांना ते बहिरे आहेत असं सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

— आजी