करुणेचं प्रमाणपत्र

आमच्या रोह्याच्या खाजगी दवाखान्यातल्या नर्स हसत नाहीत, असं एका पेशंटच्या जावयानं इंटरनेटवर लिहिलं. सासऱ्यांचा हर्निया चांगला बरा झाला होता, त्याबद्दल त्यानं काही लिहिलं नाही. तो बहुधा आपोआप बरा झाला असावा. व्यवस्थापनानं ही गोष्ट फारच मनाला लावून घेतली. वॉर्डात माणसं वाढवा, ही आमची मागणी जुनीच होती. ती राहिली बाजूला आणि आम्हाला पेणला करुणेच्या प्रशिक्षणाला पाठवायचं ठरलं. करुणा ड्युटीच्या वेळेत परवडत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी.

जावयाचा रोख मुख्यतः आमच्या मोठ्या सिस्टरांवर होता. त्या कोलाडकडच्या, निवृत्तीला आलेल्या. आवाज असा की त्यांनी एकाला दटावलं की शेजारच्या दोन खाटांवरचे पेशंटही मुकाट्यानं गोळ्या घेतात. पेणच्या गाडीत त्यांनी मला एवढंच विचारलं, की हसायला शिकवणारा माणूस कधी वॉर्डात राहिलाय का.

राहिलेला नव्हता. तो पनवेलहून आलेला, कोटटाय घातलेला तरुण गृहस्थ होता. त्याआधी हॉटेलवाल्यांना शिकवायचा. त्यानं आमच्याकडून "मला तुमच्या भावना समजतात" हे वाक्य एका सुरात म्हणवून घेतलं. पेशंटशी बोलताना मान किंचित कलती ठेवायची, रागवायचं नाही, 'गप' हा शब्द तर तोंडातूनच काढायचा नाही. इतकी वर्षं सरळ मानेनं इंजेक्शनं देऊन आम्ही लोकांचं किती नुकसान केलं होतं, ते त्या दिवशी कळलं. मोठ्या सिस्टरांचं हसू पाहून सर म्हणाले, अजून आतून यायला हवं. त्यांनी आणखी आतून आणलं. सर पुढच्या रांगेकडे वळले.

जेवणाच्या थोडं आधी सरांचे शब्द अडखळायला लागले. कपाळावर घाम, हात थरथरत होते. पडद्यावर 'सहानुभूतीच्या पाच पायऱ्या' होत्या आणि सर खुर्ची चाचपत होते. आम्ही पुढे धावलो, पण मोठ्या सिस्टर आधीच पोचल्या होत्या. मधुमेह आहे का, सकाळी इन्सुलिन घेतलं का, खाल्लं काय, असं त्यांनी विचारलं. इन्सुलिन घेतलं होतं. हायवेला गाडी अडकली म्हणून खाणं राहिलं होतं. सिस्टरांनी चहावाल्याकडून साखर मागवली आणि पाण्यात ढवळून पेला त्याच्या ओठांना लावला.

त्यानं त्यांचा हात घट्ट धरला. लहान पोरासारखं विचारलं, "मी मरणार नाही ना?"

"नाय मरत," सिस्टर म्हणाल्या. "आता गप बसा नि हे प्या."

मान सरळ होती. हसण्याचा तर प्रश्नच नव्हता. सर गप बसले आणि प्याले.

जरा तरतरी आल्यावरही त्यानं हात सोडला नाही. मग सिस्टर त्याच्याबरोबर रिक्षात बसून जवळच्या दवाखान्यात गेल्या. त्याची बायको पनवेलहून येईपर्यंत तिथंच थांबल्या. रोज स्वतःला इन्सुलिन टोचणारा तो दुसऱ्याच्या हातातली सुई बघून घाबरत होता म्हणे, म्हणून डॉक्टर रक्त घेत असताना त्या त्याला भातलावणीच्या गोष्टी सांगत होत्या. इकडे हॉलमध्ये सरांच्या मदतनीस बाईंनी कार्यक्रम पुढे नेला. प्रशिक्षकाला काय झालं याची चौकशी करण्यात वेळ घालवला नाही, कारण पायऱ्या अजून तीन राहिल्या होत्या. संध्याकाळी आम्हा सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली.

मोठ्या सिस्टरांना मिळालं नाही. दुपारच्या सत्राला त्या गैरहजर होत्या. रोह्याला परतल्यावर मी दवाखान्याच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. व्यवस्थापक साहेबांनी मान अगदी बरोबर कलती करून ऐकलं, माझ्या भावना त्यांना समजल्या, आणि नियम सगळ्यांना सारखाच असतो असं ते म्हणाले. सरांनीही फोन करून रदबदली केली होती असं नंतर कळलं. त्याचा उपयोग झाला नाही.

पुढच्या महिन्यात सिस्टर पुन्हा पेणला गेल्या. कुरकुर केली नाही, त्याचाच मला जास्त राग आला. परत आल्यावर मी जरा खोचकपणेच विचारलं, या वेळी काय नवीन शिकलात?

"नाय गो, तेच होतं," त्या म्हणाल्या. "पण कुणी आजारी पडलं नाय, म्हणून जेवण मिळालं."

आणि इस्त्रीचा ॲप्रन चढवून वॉर्डात गेल्या. लगेच आतून कुणालातरी दटावल्याचा आवाज आला.