रिकाम्या जागेवर मारलेला लाईट

भूतखेतावर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही ‘भूत’ म्हणायला जीभ रेटत नाही. पाटोद्यात माझा फोटो स्टुडिओ आहे आणि लग्नाचे फोटो काढण्यात आपला हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, हे मी स्वतःच सांगतो!

जवळच्या धनगर वस्तीवरच्या जनाबाई लेकीच्या लग्नाची ऑर्डर द्यायला आल्या. लेक कल्पना पोटात असतानाच नवरा वारला. मेंढरांमागं फिरणारा माणूस, त्याचा एकही फोटो नाही. आणि कल्पनाचा हट्ट — पहिली पत्रिका बापाच्या फोटोपुढंच ठेवायची, नाहीतर पत्रिका वाटायच्याच नाहीत. पुतण्यानं मोबाईलवर एक चेहरा बनवून दिला होता. जनाबाईंनी तो उडवूनच लावला. “ह्यो कुणाचा नवरा हाय? माझा न्हाई.”

मग हळूच म्हणाल्या, “सलीमभाई, आवतण दिलं की ह्ये येत्यात. दिवेलागणीला मेंढरांच्या डोणीत मला दिसत्यात. तुमी पाण्यातला फोटो काढा.”

मला हसू आलं. पण शेजारी कल्पना डोळे पुसत होती, म्हणून हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्तीवर गेलो. डोण म्हणजे मेंढरांना पाणी पाजायचं दगडी कुंड. जनाबाईंनी काठावर भाकरी ठेवली. “आवो, पोरीचं लगीन हाय. या.”

मी फ्लॅश मारला — पाण्यात पांढरा डाग. रिंग लाईट लावला — पाण्यात नुसती बांगडी! एलईडी वरून धरला, तर तळाचं शेवाळ चकाचक. जनाबाईंचा दीर मागून म्हणाला, “कावून येळ घालवतो बे? शेवाळाचाच फोटो लाव भिंतीला.”

माझं डोकं सणकलं. आणि त्या रागातच ट्यूब पेटली... अरे सलीम, प्रतिबिंब पाहिजे तर लाईट पाण्यावर नाही, माणसावर मारतात!

पण माणूस कुठं होता? “जनाबाई, ते कुठं उभे राहायचे?”

त्यांनी पलीकडचा काठ दाखवला. तिथं कल्पनाला उभं केलं, तिच्या बाजूची जागा मोकळी सोडली. एलईडी बंद. गाडीतला जुना पिवळा हॅलोजन काढला आणि त्या रिकाम्या जागेवर डोक्याच्या उंचीला मारला. कॅमेरा पाण्याकडं. क्लिक.

स्क्रीनवर पाण्यात दोघं होते.

कॅमेरा उलटा धरून पाहिलं. कल्पनाशेजारी फेटेवाला माणूस, खांद्यावर घोंगडी, तोंडभर हसू. समोर काठावर मात्र ती एकटीच. दीर पुढं येऊन स्क्रीनवर वाकला. “आरं... दादा हाय ह्यो. फेटा तसाच कानावर आलाय.”

जनाबाईंनी स्क्रीनकडं पाहिलं आणि पटकन डोक्यावर पदर घेतला.

“आला! फोटो आला!” मी लहान पोरासारखा ओरडलो. आयुष्यात एवढा आनंद कुठल्याच फोटोनं दिला नाही.

पुढच्या एकाही फ्रेममध्ये तो नव्हता. लेन्स, कार्ड सगळं तपासलं. बीडचा एक मित्र म्हणाला, डबल एक्स्पोजर असेल. असेल बाबा, पण ज्याचा फोटोच नाही तो माणूस आला कुठून?

प्रिंट फ्रेम करून मी स्वतः नेऊन दिली. कल्पनानं पुढं पत्रिका ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा समोर बघून हाक मारली, “आप्पा, लग्नाला या.”