गालावरचा मुद्देमाल

ती घटना आठवायला मला जुनी टिपणं काढावी लागत नाहीत. घरात कुणी फेशियल हा शब्द काढला की बायको माझ्या उजव्या गालाकडे बघते आणि पदर तोंडाला लावते. नोकरीत मी बरेच तपास केले, त्यातले काही चांगलेही केले. पण खात्यातले जुने लोक भेटले की विचारतात ते याच केसबद्दल. म्हटलं, दुसऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगावी. नावं मात्र कुणाचीच देणार नाही.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. अंधेरी पूर्वेच्या एका ठाण्यात मी पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, आदल्या दिवशीच्या आरोपींना कोर्टात न्यायची तयारी चालली होती, आणि मरोळच्या एका सोसायटीतल्या बाई तोंडाला ओढणी गुंडाळून आत आल्या. ओढणी काढली तेव्हा ठाणे अंमलदाराचं पेन थांबलं. दोन्ही गालांवर भाजल्यासारखे काळपट चट्टे, हनुवटी सोललेली. मुलीचा साखरपुडा तोंडावर आला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"अ‍ॅसिड," बाई म्हणाल्या, आणि रडू लागल्या.

एवढ्या एका शब्दावर माझ्या डोक्यात अख्खी केस तयार झाली. अ‍ॅसिडहल्ला. जुनं वैर. बहुधा मुलीचा कुणी नाकारलेला मित्र. मी नियंत्रण कक्षाला कळवलं, पथक तयार केलं, वायरलेसवर असा काही आवाज लावला की वरिष्ठांचा स्वतःहून फोन आला. सगळं झाल्यावर आमच्या हवालदार बाई माझ्याजवळ आल्या.

"साहेब, ते फेकलेलं नाही. लावलेलं आहे. पार्लरवाली मुलगी घरी येते, तोंडाला लावते. पील म्हणतात त्याला."

"अ‍ॅसिड? तोंडाला? आणि या लावू देतात?"

"हौसेनं लावून घेतात. वरची कातडी निघते, खालून नवी येते."

मी पथकाला चहा पाजून परत पाठवलं. वरिष्ठांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

पील लावणारी मुलगी खारदांड्याची, कोळ्यांच्या घरातली. ठाण्यात सगळे तिला 'दांड्याची' म्हणू लागले, मीही तेच म्हणतो. नोटीस मिळाल्यावर ती एकटीच आली, काखेत काचेची फ्रेम घेऊन. फ्रेम तिनं माझ्या टेबलावर, माझ्याच नावाच्या पाटीला टेकवून उभी केली. सोनेरी अक्षरांत तिचं नाव, खाली 'अ‍ॅडव्हान्स पील स्पेशालिस्ट', आणि मरोळच्याच एका ब्यूटी अकादमीचा शिक्का.

"हे कशाला आणलंस?"

"तुम्ही विचारणार ना, शिकलीस का म्हणून. शिकलेय."

"मग बाई ओरडत होत्या तेव्हा थांबली का नाहीस?"

"लावायचं आणि पाच मिनिटं ठेवायचं, असं शिकवलंय. ठेवलं. त्या म्हणाल्या चरचरतंय. मला वाटलं, नाजूक असतील."

"म्हणजे चूक तुझी."

"चेहरा माझ्या हातून गेला, साहेब. त्याची माफी मागायला मी त्यांच्या दारात गेले होते. त्यांनी दार लावून घेतलं, बरोबरच केलं. पण शिकवलं तसं मी केलं नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. त्यावर मी सही देणार नाही."

असं म्हणणारं कुणीतरी होतं. अकादमीच्या मॅडमनी आम्हाला आधीच लेखी कळवलं होतं की विद्यार्थिनीनं सूचना पाळल्या नाहीत. मुलीकडेही निरोप गेला होता: तेवढं लिहून दे, बाईंचं समाधान आम्ही करतो, तुझ्यावर फार काही येणार नाही. खोटं होतं ते. अशी सही दिली असती तर गुन्हा तिच्याच गळ्यात पडला असता, आणि मुंबईतल्या कुठल्याही पार्लरनं तिला परत उभं केलं नसतं.

तिची आई खारच्या बाजारात मासळी विकायची. ती दुपारी आली आणि बाकावर बसूनच लेकीला सांगू लागली, "दे ना सही नि चल घरी. मासलीची पाटी आपल्याला काय नवी हाय?"

"आये, पाटी घेईन मी. खोटं लिहून नाय घेनार."

"मोठी आली स्पेसालिस्ट."

माझे वरिष्ठ फोनवर म्हणाले, "हात तिचा, ब्रश तिचा, बाटली तिची. आरोपपत्र लाव आणि मोकळा हो." खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. मुलगी उर्मट वाटत होती. आणि उर्मट माणूस दोषी वाटतो, हा आमच्या खात्याचा जुना रोग.

खबर आली ती भलत्याच माणसाकडून. माझा एक खबरी रिक्षा चालवायचा. एरवी तोंडावर धुरळा बसलेला असायचा. त्या दिवशी गडी चकचकीत होऊन आला.

"काय रे, लग्नबिग्न?"

"नाय साहेब. मरोळला एका क्लासात फुकट तोंड घासून देतात. पोरींना शिकायला माणसं लागतात ना. कुणालाही बसवतात. तुम्ही पण जा, लय झकास वाटतं."

अकादमी तीच होती. मी ठरवलं, स्वतः जाऊन बघायचं. साध्या वेशात गेलो. म्हणजे चौकड्यांचा शर्ट, आणि पायात खात्याचे तांबडे बूट. हे बुटांचं मला परत आल्यावर हवालदार बाईंनी दाखवून दिलं.

औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याच्या वर आरशांनी भरलेली खोली होती. पांढरे एप्रन घातलेल्या पोरी, मधोमध मॅडम.

"काका, पोलिसात आहात का?" मॅडमनी विचारलं.

"सिक्युरिटीत."

"वाटलंच," म्हणाल्या, आणि मला खुर्चीत आडवं केलं.

भांडुपहून येणाऱ्या एका मुलीनं बाटलीतलं पील ब्रशनं माझ्या तोंडाला लावलं. बाटली तशीच, लेबल तेच; तसलीच एक मुलीकडून घेऊन मी ठाण्यात सील करून ठेवली होती. मी श्वास रोखून धरला. काहीच झालं नाही. गार वाटलं, गुलाबाचा वास आला, आणि मला डुलकी लागली. पाच मिनिटांनी पुसून काढलं तेव्हा मॅडम पोरींना सांगत होत्या, "बघा, किती सोपं. घाबरायचं काही कारणच नाही."

मी ठाण्यात आलो तो छाती फुगवूनच. दुसऱ्या दिवशी दांड्याचीला पुढच्या जबाबासाठी बोलावलं होतं. आईही आली होती. अकादमीनं विकलेल्या किटातली एक बाटली घरीच राहिली होती, ती पिशवीतून घेऊन. पोलिसांना सगळं दिलेलं बरं, असा तिचा हिशेब.

"हे बघ," मी मुलीला म्हटलं, "तुझ्या क्लासात मी स्वतः लावून घेतलं. पाच मिनिटं. एक मुंगीसुद्धा चावली नाही. त्या बाईंच्या तोंडाला तू आणखी काहीतरी लावलंस. काय लावलंस?"

"दुसरं काही नाही लावलं."

"अगं, लावून बघितलंय मी."

"मग मीही लावूनच बघितलंय ना, साहेब. क्लासात. शंभर वेळा."

ठाण्यात सगळ्यांसमोर उलट उत्तर. माझं डोकं फिरलं. मी आईच्या हातातली बाटली घेतली, झाकण उघडलं, कापसावर ओतलं. हवालदार बाई म्हणाल्या, "साहेब, आधी पंच..." तोवर मी उजवा गाल चोळून मोकळा झालो होतो.

"बघा," मी म्हटलं, "काही होतं का?" आणि घड्याळाकडे बघून हसलो.

हसू फार टिकलं नाही. आधी मिरची लागल्यासारखं झालं. मग कुणीतरी इस्त्री ठेवून विसरावी तसं. अब्रूपायी मी आणखी थोडा वेळ उभा राहिलो, त्याचीच किंमत पुढे मोजली. दांड्याचीनं माझा दंड धरला, ओढत मागच्या नळावर नेलं, मान खाली दाबली.

"चोळू नका. नुसतं पाणी जाऊ द्या. डोळे मिटा." आणि पाणी ओतता ओतता स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "क्लासात असं कुणाला कधीच झालं नाही."

नळाखालूनच मी म्हटलं, "मलाही नाही झालं."

तिचा हात थांबला. माझं डोकं नळाखालीच राहिलं. लेबल एक, बाटली एक. एकीत गुलाबपाणी आणि दुसरीत आग. पुढच्या तासाभरात मी डॉक्टरकडे गेलो, बाटलीला सील लागलं, आणि पंचांना घेऊन आम्ही अकादमीत पोचलो.

मॅडम शांत होत्या. माझा मलम फासलेला गाल बघून त्यांनी विचारलं, "अरे काका, हे काय?"

"सिक्युरिटीत असं होतं," मी म्हटलं. "मॅडम, क्लासात जे वापरता तेच पोरींना किटात विकता?"

"तेच. शंभर टक्के."

पंचांसमोर मी क्लासातली बाटली आणि तिथल्याच एका नव्या किटातली बाटली शेजारी ठेवली. हवालदार बाई पुढे झाल्या. "मग ही क्लासातली मी लावते, मॅडम. ही किटातली तुम्ही लावा. तेच आहे म्हणता ना?"

मॅडमनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. त्या हातांनी सगळं सांगितलं, तोंडानं नंतर सांगितलं. खरं पील लावलं तर खुर्चीत बसवलेली माणसं ओरडतात, ती ओरडली की नव्या पोरी घाबरून क्लास सोडतात, म्हणून क्लासात पाणी. किट मात्र असली, कारण बाहेर त्याचा परिणाम दिसायला हवा. चेहरा पांढरा पडू लागला तर काय करायचं, कुणाला लावायचंच नाही, आधी कानामागे थोडं लावून का बघायचं, यातलं काहीच शिकवलं नव्हतं. शिकवणार कुठून? त्या स्वतः डॉक्टर नव्हत्या, अशीच एक फ्रेम घेऊन कुठूनतरी बाहेर पडलेल्या होत्या. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालानं बाटल्यांवर शिक्कामोर्तब केलं. किटातला द्रव त्वचेच्या डॉक्टरशिवाय कुणी हातात घेऊ नये इतका जहाल होता.

वरिष्ठांना कळलं तेव्हा त्यांनी मला उभं केलं. "तपास अधिकारी तू, जखमी तू, साक्षीदार तू, आणि मुद्देमाल तुझ्या गालावर. तुला कोणत्या रकान्यात लिहू?" तपास सहकाऱ्याकडे गेला, ते योग्यच झालं. पण ते पुढे म्हणाले, "मॅडमबरोबर मुलीलाही आरोपी करायचं. शेवटी हात तिचा होता."

"नाही, साहेब."

"काय?"

"मी माझ्या अहवालात लिहून दिलंय. ती साक्षीदार आहे. आरोपी करायची असेल तर माझं म्हणणं खोडून करा, आणि खाली सही करा."

"बदली होईल तुझी."

"गाल बरा झाल्यावर करा. असा कुठे पाठवता."

बदली झाली. मुलगी साक्षीदारच राहिली. तक्रारदार बाईंचा चेहरा उपचारांनी पुष्कळ सुधारला, एक डाग राहिला. कोर्टात त्या तो न झाकता आल्या.

त्या दिवशी मीही कोर्टात होतो. मॅडमच्या वकिलांनी दांड्याचीला कोंडीत धरलं. "म्हणजे तुम्हाला हे काम येत नव्हतं, हे कबूल आहे?"

"कबूल आहे. येतं असं सांगून मला विकलं होतं."

"मग आता काय, मासे विकता?"

"आईला मदत करते, त्यात काय कमी आहे? सकाळी एका त्वचेच्या डॉक्टरकडे असते. दीड वर्षाचा कोर्स चालू आहे. ब्रश अजून माझ्या हातात दिलेला नाही. देतील तेव्हा डॉक्टर समोर उभे असतील." मग तिनं वकिलांकडून नजर काढून थेट तक्रारदार बाईंकडे बघितलं. "हे काम मी सोडणार नाही."

बाईंनी मान हलवली. होकार होता की नुसती ओळख, मला सांगता येणार नाही.

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. 'शिकलोय' म्हणणारा माणूस समोर आला की मी आता विचारतो: शिकताना कधी चुकलास का, आणि तेव्हा तुझा हात कुणी धरला? ज्याला आपली पहिली चूक वर्गात करू दिली नाही, तो ती कुणाच्यातरी चेहऱ्यावर करणार. काही जण आजही म्हणतात की मी त्या पोरीला सोडून दिलं. हो, दिलं. पुन्हा तशी केस आली असती तर पुन्हा दिलं असतं, आणि दुसरा गालही पुढे केला असता. फक्त त्या वेळी आधी पंच बोलावले असते.