दाजींनी हाताने घातलेली ओळ

त्या शीतगृहात सगळेच त्यांना दाजी म्हणत, वयाने मोठे असलेले हिशेबनीससुद्धा. कारण एवढंच, की त्यांचा मेहुणा तिथेच थंड खोल्यांमध्ये खोकी लावायच्या कामाला होता आणि दिवसभर त्याच्या तोंडात दुसरं नावच नसायचं. बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. नोकरी दाजींनीच शब्द टाकून मिळवून दिलेली. पोरगा कष्टाळू होता, पण दाजी म्हणतील ती पूर्व दिशा. दाजींना ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला.

दाजींचं काम ऑफिसातले कम्प्युटर आणि त्यांना जोडणारं नेटवर्क चालू ठेवण्याचं. हात चपळ, जीभ गोड आणि स्वभाव उतावळा. कुणी खोळंबून बसलेलं त्यांना बघवायचं नाही. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो आणि माणसांच्या सोयीसाठी एक नाव. नावावरून पत्ता सांगणारा एक मुख्य सर्व्हर असतो. तो रुसला की कम्प्युटर एकमेकांना ओळखेनासे होतात. अशा वेळी मूळ दुखणं शोधत बसण्याऐवजी दाजी सरळ त्या कम्प्युटरच्या आतल्या एका फाइलमध्ये नाव आणि पत्ता हाताने लिहून टाकत. कम्प्युटर आधी स्वतःजवळची ही फाइल बघतो, आणि तिथे मिळालं तर बाहेर विचारतच नाही. काम चालू, दाजींची वाहवा, आणि वर चहा. अशा ओळी लिहिणं सोपं असतं. कुठे कुठे लिहिल्या हे लक्षात ठेवायला मात्र कुणाला सवड नसते.

शीतगृह गार ठेवायला पाइपांमधून अमोनिया फिरायचा. तो गळला तर आधी डोळे चुरचुरतात, मग छाती धरते, आणि बंद खोलीत साचला तर माणूस हाती लागत नाही. म्हणून प्रत्येक खोलीत गॅस मोजायची सोय होती. ते आकडे एका कम्प्युटरवर जमा होत, आणि सुपरवायझरच्या केबिनमधला कम्प्युटर ते तिथून नावाने मागून घेई. आकडा चढला की भोंगा आपोआप वाजायचा, तो याच केबिनमधून. गेल्या वर्षी आकडे जमा करणारं यंत्र बदललं आणि पत्ताही नवा झाला. दाजींनी मुख्य सर्व्हरवर तो बदलला, टेबलोटेबली फिरून जुन्या ओळी पुसल्या. सुपरवायझर तेव्हा रजेवर होता आणि केबिनला कुलूप होतं. उद्या बघू, म्हणाले, आणि ते राहूनच गेलं.

आज केबिनमधून तक्रार आली ती प्रिंटरची. प्रिंटर नावाने सापडत नव्हता. दाजी खुर्ची ओढून बसले. सुपरवायझर शेजारी उभा राहून कामगारांच्या नावाने खडे फोडत होता. म्हणे, हल्ली सगळ्यांचे डोळे चुरचुरतात, कामचुकारपणाला निमित्त हवं झालंय.

"आणि त्यात पुढे कोण, तर तुमचा मेहुणा. मी त्याला इथे आणून गॅसच्या आकड्यांचा पडदा दाखवला. बघ म्हटलं, शून्य. सगळं हिरवं. मग गप्प बसला."

"मलाही म्हणाला होता," दाजी म्हणाले.

म्हणालाच होता. जेवताना डोळे चोळत होता, आणि दाजींनीच त्याला सांगितलं होतं, की पडद्यावर शून्य आहे ना, मग कांदा चिरल्यासारखं तोंड करू नकोस. बायकोसुद्धा हसली होती.

प्रिंटरला आकडी पत्त्यावर हाक मारली तर तो लगेच ओ देत होता, नावाने मारली की नाही. म्हणजे नावाचा घोळ. दाजींनी ती फाइल उघडली. प्रिंटरची जुनी ओळ सापडली, आणि तिच्याखाली आणखी एक होती. गॅसच्या यंत्राचं नाव, समोर जुना पत्ता. ओळ त्यांच्याच हातची.

जुनं यंत्र अडगळीच्या खोलीत अजून चालूच होतं. असू दे, कधी लागेल, म्हणून कुणी बंद केलं नव्हतं. खोल्यांमधून येणारी एकही तार त्याला जोडलेली नव्हती, पण कुणी विचारलं की ते शेवटचा ठाऊक असलेला आकडा इमानेइतबारे सांगायचं. शून्य. वर्षभर हा कम्प्युटर त्यालाच विचारत होता, आणि पडदा हिरवा होता.

सुपरवायझर विचारत होता, काय झालं, काय झालं. दाजींनी ओळ पुसली आणि पडदा पुन्हा उघडला. क्षणभर काहीच आलं नाही. मग खोल्यांचे आकडे एकेक करून आले. पहिले पिवळे, आणि सगळ्यात आतल्या खोलीचा लालभडक. डोक्यावरचा भोंगा वाजायला लागला.

त्या खोलीत कोण आहे, हे दाजींनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. ते जिने उतरून अंगणात पोचले तेव्हा माणसं बाहेर पडत होती, कुणी खोकत, कुणी तोंडावर बाही धरून. दाजी एकेकाचा चेहरा बघत गेले. मेहुणा त्यांत नव्हता. त्याच्या जोडीदाराला त्यांनी दंडाला धरून थांबवलं, आणि तो कुठे आहे म्हणून विचारलं.

जोडीदार श्वास घेऊन म्हणाला, "आतच आहे. मी म्हटलं चल, तर म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. आज दाजी त्या केबिनमधल्या कम्प्युटरवर बसलेत, भोंगा तेच वाजवून बघत असतील. एवढी खोकी लावून येतो."